‘इतकी माणसं खोटं बोलतील का?’

पत्र : माझ्या यजमानांना चार वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. वय ६४. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा आणि सकाळी रासाजिलीन चालू आहे. मध्यंतरी एका नातेवाइकांनी एका सप्लिमेंटची माहिती पाठवली. सोबत ते घेणाऱ्या पेशंट्सकडून भरून घेतलेल्या फॉर्मचा निकालही होता. बहुतेकांनी तीन महिन्यांत थरथर कमी झाली, झोप सुधारली, उत्साह वाढला असं लिहिलंय. ह्यांनी लगेच सुरू केलं. पाच आठवडे झाले. हे म्हणतात, हात हलका वाटतोय. मला कधी फरक दिसतो, कधी अजिबात दिसत नाही. शंका काढली की चिडतात, ‘इतकी माणसं खोटं बोलतील का?’ म्हणतात. आता दुपारची गोळी बंद करून बघतो, असं चाललंय. अशा निकालांवर किती विश्वास ठेवायचा?

— एक वाचक

ताई,

आधी त्या दुपारच्या गोळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका. लेव्होडोपाचा एक असर काही तासांत उतरतो, तो तुम्ही रोज पाहताच. पण दुसरा एक असर शरीरात हळूहळू साठलेला असतो आणि गोळी कमी केली तरी तो काही दिवस, कधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. त्यामुळे दुपारची गोळी सोडल्यावर पहिले चार-सहा दिवस ‘बघ, काही बिघडलं नाही’ असं वाटू शकतं, आणि त्याचं श्रेय आपोआप सप्लिमेंटला मिळतं. मग दुसरी गोळीही सोडावीशी वाटते. या गोळ्या अचानक बंद केल्याने किंवा एकदम फार कमी केल्याने अंग कमालीचं ताठरणं, खूप ताप येणं, भान हरपणं अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. एक गोळी सोडल्याने उद्याच तसं होईल असं नाही. पण ती वाट त्या दिशेला जाते.

सप्लिमेंटचं नाव मी इथे मुद्दाम छापत नाही. नाव बदललं तरी असे निकाल वाचण्याची रीत तीच राहते.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. नाही, ती माणसं खोटं बोलत नाहीत, आणि तुमचे यजमानही नाहीत. उलट मी तर म्हणेन की त्यांचा हात खरोखरच हलका झाला असण्याची शक्यता चांगली आहे. अडचण पुढेच आहे : हात हलका झाला म्हणजे तो त्या सप्लिमेंटमुळे झाला, हे त्यातून ठरत नाही.

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन बनतं, म्हणून ती गोळी देतात. आणि डोपामिन हे नेमकं तेच रसायन आहे, जे काही चांगलं घडण्याची अपेक्षा असली की मेंदू सोडतो. म्हणजे या आजारात आशा आणि औषध एकाच रस्त्याने काम करतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ साली हे मेंदूच्या पेट स्कॅनवर दाखवलं. पेशंट्सना सलाइनचं, म्हणजे निव्वळ मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं. आपल्याला खरं औषध मिळत असेल, अशी त्यांची समजूत होती. स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत डोपामिन सुटलेलं दिसलं आणि ज्यांना फरक जाणवला त्यांच्यात ते जास्त सुटलं होतं. त्याच शहरात २०१० साली आणखी एक प्रयोग झाला. वेगवेगळ्या गटांना खरं औषध मिळण्याची शक्यता २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के आहे असं सांगितलं, दिली सगळ्यांना नकली गोळी. लक्षणीय डोपामिन सुटलं ते फक्त ‘७५ टक्के’ ऐकलेल्या गटात! शंभर टक्के खात्री देऊन जे झालं नाही, ते ‘बहुतेक मिळेल’ने केलं. ‘बहुतेकांना फायदा झाला’ हे वाक्य वाचून सुरुवात करणारा माणूस मला याच गटातला वाटतो.

२०१५ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत १२ पेशंट्सवर एक छोटा प्रयोग झाला. दोन इंजेक्शनं दिली, दोन्हींत सलाइनच. पण एकाची किंमत १०० डॉलर आणि दुसऱ्याची १५०० डॉलर आहे असं सांगितलं. महागड्या सलाइनने हालचाली जास्त सुधारल्या. संख्या लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी जे महाग मिळतं त्याचा गुण मोठा वाटतो, ही बाब प्रत्यक्ष हाताच्या हालचालीतही उतरते, एवढं त्यातून दिसलं.

हा परिणाम किती मोठा असू शकतो? पार्किन्सनच्या ११ चाचण्यांमध्ये नकली औषध मिळालेल्या ८५८ जणांची माहिती २००८ साली एकत्र तपासली गेली. त्यांपैकी १६ टक्क्यांमध्ये भरीव सुधारणा आढळली होती, आणि ती डॉक्टरांनी तपासून गुण दिलेली, पेशंटने नुसती सांगितलेली नव्हे. एखाद्या चाचणीत हा आकडा शून्य होता, तर एखाद्यात ५५ टक्क्यांपर्यंत गेला होता. म्हणून ‘इतक्या जणांना गुण आला’ हे वाक्य एकटं असलं की त्याचा अर्थच लागत नाही. इतक्याच जणांना काहीही न घालता केलेली तशीच पुडी दिली असती, तर कितींना गुण आला असता? तुमच्याकडे आलेल्या निकालात ही दुसरी बाजूच नाही. आणि अशा फॉर्मांमध्ये ती कधीच नसते.

ग्लुटाथायोन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाचं, ते नाकातून देण्याचं उदाहरण इथे चपखल बसतं. त्याबद्दल पेशंट्समध्ये बरंच कौतुक होतं. २०१७ साली ४५ जणांवर तीन महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन गटांना वेगवेगळ्या मात्रेत ग्लुटाथायोन, तिसऱ्याला सलाइन. तिन्ही गट सुधारले. जास्त मात्रेचा गट आपल्या सुरुवातीच्या स्थितीपेक्षा बरा झाला, पण सलाइनवाल्यांपेक्षा सरस ठरला नाही. आता कल्पना करा, सलाइनचा गट ठेवलाच नसता आणि फक्त पहिल्या दोन गटांकडून फॉर्म भरून घेतले असते. तुमच्या हातात आहे तसाच निकाल तयार झाला असता. त्यात एकही शब्द खोटा नसता.

आता फॉर्म कोणी भरला, याकडे बघा. समजा शंभर जणांनी सप्लिमेंट आणलं. चाळीस जणांनी महिन्याभरात सोडून दिलं. कुणाला फरक वाटला नाही, कुणाचं पोट बिघडलं, कुणाला खर्च झेपला नाही. तीन महिन्यांनी फॉर्म कुणाकडे जातो? जे अजून घेत आहेत त्यांच्याकडे. आणि ते अजून घेत आहेत, कारण त्यांना बरं वाटतंय. उत्तीर्ण झालेल्यांनाच बोलावून ‘पेपर सोपा होता ना?’ विचारण्यासारखं आहे हे. म्हणून निकाल हातात आला की मी सगळ्यात आधी टक्केवारी झाकते आणि सुरुवात किती जणांनी केली, हा आकडा शोधते. तो दिलेला नसेल, तर टक्केवारी वाचण्यात वेळ घालवत नाही. तुमच्या पत्रावरून तरी तो दिलेला दिसत नाही.

फॉर्ममधले प्रश्नही एकदा नीट वाचा. ‘किती सुधारणा झाली : थोडी, बरीच, खूप’ असे पर्याय असतील, तर बिघडलेल्या माणसाने खूण कुठे करायची? ‘तीन महिन्यांपूर्वी कसं होतं’ हे तीन महिन्यांनंतर विचारलं असेल, तर ती आठवण आजच्या मूडने रंगलेली असते. दमदार नोंद म्हणजे सुरुवातीलाच भरलेला फॉर्म, मग ठरावीक दिवसांनी पुन्हा तोच. पेशंटच्या तोंडची माहिती कमी प्रतीची असते असं मुळीच नाही. पार्किन्सनच्या संशोधनात जगभर वापरली जाणारी जी मोजपट्टी आहे, एमडीएस-यूपीडीआरएस, तिचा एक अख्खा भाग पेशंट स्वतः सांगतो : बोलणं, गिळणं, कपडे घालणं, अंथरुणात कूस बदलणं. पीडीक्यू-३९ ही प्रश्नावली तर पूर्णपणे पेशंटच भरतो. फरक इतकाच की प्रश्न आधी ठरलेले असतात, सगळ्यांना तेच विचारतात, आणि तुलनेला दुसरा गट असतो.

या आजाराचा स्वभावही गोंधळात भर घालतो. आज बरा दिवस, उद्या वाईट, एकाच दिवसात सकाळ वेगळी आणि संध्याकाळ वेगळी, हे तुम्हाला मी काय सांगणार. झोप कमी झाली, मनावर ताण आला, पाहुणे आले की थरथर वाढते. बद्धकोष्ठता असली की गोळी पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो. प्रथिनांनी भरलेल्या जेवणासोबत गोळी घेतली तर तिचा असर मंदावू शकतो. आणि माणूस नवीन उपाय कधी सुरू करतो? वाईट आठवडे चालू असताना. त्या आठवड्यांनंतर काही न करताही थोडे बरे दिवस येणारच होते. त्या दिवसांत जे हाताशी असेल, त्याला श्रेय मिळतं. त्यात नवा उत्साह आला की माणूस फिरायला जाऊ लागतो, व्यायाम करतो, गोळ्या वेळेवर घेतो. नियमित व्यायामाने पार्किन्सनमध्ये चालणं आणि तोल सुधारतो, याला तर भक्कम पुरावा आहे. तेव्हा गेल्या पाच आठवड्यांत सप्लिमेंटखेरीज आणखी काय बदललं, हे दोघांनी मिळून प्रामाणिकपणे आठवून बघा.

‘आजार थांबला’ असं कुणी लिहिलं असेल, तर ते मी सरळ बाजूला ठेवते. पार्किन्सन वर्षांच्या हिशोबात पुढे सरकतो, वर गोळ्यांचा असर त्याला झाकतो. त्याची गती मंदावली की नाही, हे तीन महिन्यांत कोणाच्याही अंगाला कळू शकत नाही. ते शोधायला शेकडो माणसं आणि वर्षं लागतात, आणि शोधलं गेलंही आहे. कोएन्झाइम क्यू-१० या सप्लिमेंटचंच उदाहरण बघा. २००२ साली ८० जणांच्या चाचणीत सर्वांत मोठी मात्रा, रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची घसरण कमी दिसली, आणि तीही तुलनेचा गट असलेल्या चाचणीत. मोठी आशा निर्माण झाली. मग ६०० जणांची चाचणी केली, रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम देऊन. फायदा होण्याची शक्यता दिसेना म्हणून ती मधेच थांबवावी लागली. तो निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. क्रिएटिनची चाचणी १७४१ जणांवर झाली, तीही २०१३ साली याच कारणाने बंद केली. इनोसिनची २९८ जणांवर झाली, फायदा नाही, वर मूतखड्यांचं प्रमाण वाढलं. कोणत्याही सप्लिमेंटने पार्किन्सनची गती कमी होते, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. नीट आखलेल्या चाचणीतला आकडाही माणसं वाढल्यावर विरून जातो, तिथे विकणाऱ्याने भरून घेतलेल्या फॉर्मवर भार किती टाकायचा, ते तुम्हीच ठरवा.

हे वाचून पेशंटच्या सांगण्याला काही किंमतच नाही असं वाटू देऊ नका, कारण याच आजाराच्या इतिहासात उलटंही घडलंय. १९६८ सालची गोष्ट. बॉस्टनमधल्या एका ५८ वर्षांच्या पार्किन्सनच्या पेशंट बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडिन घेतलं. त्यांच्या लक्षात आलं की ताठरपणा, थरथर, मंदपणा, सगळंच कमी झालंय. सहा आठवड्यांनी औषध थांबवल्यावर त्रास परत आला. त्यांनी हे डॉ. रॉबर्ट श्वाब यांना सांगितलं. श्वाब यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. १६३ पेशंट्सना देऊन बघितलं आणि १९६९ साली ते छापलं. पुढे तुलनेच्या गटांसह चाचण्या झाल्या, आणि अमँटाडिन आजही पार्किन्सनमध्ये वापरलं जातं. त्या बाईंच्या सांगण्यात मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. औषध पार्किन्सनसाठी घेतलंच नव्हतं, त्यामुळे अपेक्षा आड येत नव्हती. आणि थांबवल्यावर काय झालं, हेही त्यांनी सांगितलं. तुमच्या फॉर्मवाल्यांपैकी किती जणांनी मधे थांबवून पाहिलं?

यजमानांशी कसं बोलायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात तेच जास्त दिसतंय. ‘हे सगळं मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते अपमानास्पद आहे, आणि वर सांगितलेले स्कॅन बघितले तर खरंही नाही. ‘तुम्हाला बरं वाटतंय ते मला पटतंय. कशामुळे वाटतंय ते आपण दोघं मिळून शोधू’ असं म्हणा. म्हणजे तुम्ही परीक्षक आणि ते आरोपी, असं राहत नाही.

आणि शोधता येतं. संशोधनात वापरतात तसली डायरी घरीही ठेवता येते : दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने करायचे आणि प्रत्येकात लिहायचं, गोळीचा असर चालू होता, उतरला होता, अंगाला नको असलेल्या वळवळत्या हालचाली होत्या, की झोप लागली होती. रोज नको, कंटाळा येईल. आठवड्यातले ठरलेले तीन दिवस पुरे, पण त्याच वेळी भरायची, रात्री आठवून नाही. जोडीला मोबाइलवर छोटे व्हिडिओ घ्या, सकाळच्या गोळीनंतर बरोबर एका तासाने : अंगठा आणि तर्जनी दहा सेकंद टेकवणं, खुर्चीतून उठून चालत जाऊन वळून येणं, आणि कागदावर एकच ठरलेलं वाक्य लिहिणं. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, त्यामुळे तो कागद बोलका ठरतो. ही नोंद चार आठवडे सप्लिमेंट घेत, मग चार आठवडे न घेता ठेवा. डॉक्टरांची गोळी, तिची वेळ, व्यायाम, यांतलं काही या काळात बदलायचं नाही. शेवटी तारखा झाकून व्हिडिओ आणि कागद उलटसुलट करा आणि ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला विचारा, यांतले बरे दिवस कोणते. त्याने निवडलेले बहुतेक सप्लिमेंटचे निघाले, तर मी ते गांभीर्याने घेईन. सरमिसळ निघाली, तर तेही उत्तरच आहे. हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना कल्पना द्या. सप्लिमेंटमध्ये खाजकुयली नाही ना, हे आधी बघून घ्या, कारण ती असेल तर ते थांबवणंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

कारण खाजकुयलीच्या बियांमध्ये खरंखुरं लेव्होडोपा असतं. ती घातलेलं सप्लिमेंट काम करेल यात नवल नाही, पण मग तुमचे यजमान न मोजलेलं जास्तीचं औषध घेत आहेत. प्रत्येक उत्पादनात ते किती असेल याचा भरवसा नसतो. अंगाच्या नव्या वळवळत्या हालचाली, उभं राहताना चक्कर, नसलेल्या गोष्टी दिसणं, यांतलं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. लोह असेल तर ते लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं, निदान दोन तासांचं अंतर हवं. व्हिटॅमिन बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्याने पायांच्या नसांना इजा होऊन बधिरपणा येऊ शकतो, आणि तो आजारामुळेच आला असं समजून माणूस गप्प बसतो. आणि यजमानांना रासाजिलीन चालू आहे म्हणून खास सांगते : डब्यावर ५-एचटीपी किंवा सेंट जॉन्स वॉर्ट लिहिलेलं असेल, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. रासाजिलीनबरोबर यांचा मेळ धोक्याचा आहे, आणि तिथे कोणत्याही डायरीचा प्रयोग करायचा नाही.

डॉक्टरांकडे जाताना डबा घेऊन जा, नाव सांगून भागत नाही. त्यांना मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची असतात. यजमानांना दुपारची गोळी खरंच जड होत असेल, म्हणजे मळमळ, झोप किंवा चक्कर येत असेल, तर तेही त्यांनी तिथे सांगावं. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून बघता येते, आणि कदाचित ती सोडायची इच्छा तिथूनच आलेली असेल.